खालची फरशी

लकडगंजात लाकूड नसलेलं लाकूड मिळालं.
दुकानदाराने काउंटरवर तुकडे पिसले पत्त्यांसारखे:
सागवान, अक्रोड, राखी ओक.
एकावर ग्लासभर पाणी ओतून म्हणाला,
"चप्पल काढा ताई. पाय टाकून पाहा."
मेच्या दुपारी, भर दुकानात,
एक पाय ओला करून उभी राहिले
आणि त्या पायावर बाबांचं वजन तोललं,
खुब्यातल्या पट्टीसकट.

घरी तुकडा हातात घेऊन बाबा म्हणाले,
"सागाचा फोटो आहे हा."
"हो."
"फोटोवर आंघोळ करायची?"
"आंघोळ तिकडे, टाइल्सवरच.
हे फक्त उंबऱ्याच्या अलीकडे. तुम्ही पडला तिथं."
मग त्यांनी तुकडा उलटा करून
बराच वेळ मागची बाजू पाहिली.

ही फरशी बाबांनीच लावलेली, सत्त्याण्णव साली,
लोकांच्या घरांत उरलेल्या पेट्यांतून.
दाराशी धरमपेठ, निळसर, कुण्या डॉक्टरीणबाईंचं.
कमोडभोवती बजाजनगर, गुलाबी.
खिडकीखाली रामदासपेठ, बारीक सोनेरी रेघेची,
त्या चारच मिळाल्या.
कोपऱ्यात सिव्हिल लाइन्सचा अर्धा तुकडा.
शाळेत शहराचा नकाशा आला
तेव्हा मी रामदासपेठ खिडकीपाशी शोधलं
आणि चुकले.

पाट्या दोन दिवस कूलरसमोर ठेवल्या.
घराची हवा लागू द्यावी म्हणतात.
खोकी टेम्पोतून आली ती तापलेली, तव्यासारखी.
बाबा वॉकर ढकलत जाता-येता
त्यांच्यावर तळहात ठेवायचे,
ताप उतरला का पाहायला.

तिसऱ्या दिवशी रितिक धुर्वे आला,
कानात इअरफोन, गुडघ्यांना स्पंजच्या गाद्या.
बाबांच्या वेळी गुडघ्याला पोतं असायचं.
ते दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले
आणि काठीने जुन्या टाइल्स वाजवत गेले.
टक. टक. टक.
ठप.
"ही पोकळ आहे."
"काका, वरून पाच मिलीचं येऊन राहिलं. कोणाला दिसते?"
"वरचं तुझं. खालचं माझं आहे ना."

एक अख्खा दिवस गेला त्यात.
धरमपेठेची तिसरी टाइल निघाली, न फुटता.
खाली मसाला अर्ध्यातच संपलेला
आणि त्यात चार बोटांचा फराटा, घाईघाईचा.
"काहून घाई केली असन मी," बाबा म्हणाले.
डोळे मिटून आठवून पाहिलं.
आठवलं नाही.
मूठभर सिमेंट त्यांनी स्वतः कालवलं,
रितिकने भरलं, इअरफोन काढून.

मग पाट्या बसत गेल्या, खट्, खट्, एकीत एक.
चाकूने रेघ मारायची, गुडघ्यावर मोडायची.
कमोडची गोलाई पंख्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर काढली,
तीनदा चुकली. चौथ्यांदा बाबांनी पुठ्ठा मागून घेतला
आणि दाताने तोडला जरासा.
बसली.

भिंतीशी पाव इंच फट राहिली.
"सोडली काहून?"
"फुगते काका, उन्हाळ्यात. जागा लागते."
बाबांनी चाळीस वर्षं फटी बुजवल्या,
व्हाइट सिमेंटने, जुन्या ब्रशने, उकिडवं बसून.
त्या फटीत नख घालून पाहिलं त्यांनी.
वर पट्टी आली, सिलिकॉन आलं,
दोन दिवस आमची सोय वानखडे काकूंकडे.

पहिल्या रात्री लाइट गेली.
कूलर थांबला आणि घर ऐकू यायला लागलं.
बाबा आत होते, एकटे, कडी न लावता,
मी बाहेर, मोबाइलचा उजेड जमिनीवर धरून.
"गार नाही लागत पायाला," आतून आवाज आला.
"घसरतं का?"
उत्तर नाही.
नुसती काठी, थांबून थांबून,
सागाच्या फोटोवर.
"हे धरमपेठ," ते म्हणाले. ठक.
"हे बजाजनगर."
मग बराच वेळ शोधत राहिले.
मी दाराबाहेरून सांगितलं,
"खिडकीखाली बाबा, खिडकीखाली."